इंटरसेप्शनच्या आकड्याला भुलू नका

अमेरिकन फुटबॉलच्या डायनॅस्टी फँटसी लीगमध्ये एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याच संघात राहतो. त्यामुळे डिफेन्सिव्ह बॅक निवडताना त्याचा गेला हंगाम नव्हे, तर पुढची तीन-चार वर्षं जोखावी लागतात. आणि नेमके इथेच बहुतेक जण फसतात.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की जो जास्त इंटरसेप्शन घेतो तो जास्त मोलाचा. डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने 2021 मध्ये 11 इंटरसेप्शन घेतली. पुढच्या वर्षी फक्त 3. एका इंटरसेप्शनला 4 गुण धरले, तर एवढ्या एका बाबीतच 32 गुण गेले. त्याच संघाच्या डॅरॉन ब्लँडने 2023 मध्ये 9 चेंडू पकडले, त्यांतल्या पाचांवर टचडाउन करून एनएफएलचा विक्रमही केला. 2024 मध्ये दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळला आणि त्याची पाटी कोरी राहिली. इंटरसेप्शनमध्ये कौशल्य असतंच, पण क्वार्टरबॅकची चूक आणि चेंडूची उसळी यांचाही त्यात मोठा वाटा असतो. त्या भरवशावर संघ बांधता येत नाही.

भरवसा ठेवायचा तो टॅकलवर. ॲरिझोनाच्या बुडा बेकरचं उदाहरण पाहा. 2019 मध्ये त्याने 147 टॅकल केले, इंटरसेप्शन मात्र शून्य. कारकिर्दीतलं पहिलं इंटरसेप्शन मिळायला त्याला ऑक्टोबर 2020 उजाडावा लागला. त्यानंतर त्याच महिन्यात सिएटलविरुद्ध स्वतःच्या गोललाइनजवळ चेंडू पकडून तो 90 यार्ड धावला, तरी डीके मेटकाफने मागून येऊन त्याला टचडाउनआधीच गाठलं. ती धाव आजही सगळ्यांच्या लक्षात आहे, पण फँटसीत बेकरची किंमत ठरली ती दर आठवड्याला मुकाट्याने जमा होणाऱ्या टॅकलमुळे. 2024 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने 164 टॅकल केले. पंचविशी ओलांडलेला सेफ्टी लगेच विकून टाकणाऱ्यांनी हा आकडा नीट पाहावा.

उत्तम कॉर्नरबॅक म्हणजे उत्तम फँटसी खेळाडू, हे समीकरण तर बऱ्याचदा उलटंच पडतं. न्यूयॉर्क जेट्सच्या सॉस गार्डनरने 2022 च्या पदार्पणाच्या हंगामात 20 पास अडवले. नवख्याची परीक्षा घ्यायची म्हणून क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने चेंडू फेकत होते. 2023 मध्ये तो पुन्हा ऑल-प्रो संघात निवडला गेला, पण अडवलेले पास 11 वर आले आणि इंटरसेप्शन एकही नाही. ज्याच्याकडे चेंडू टाकायलाच प्रतिस्पर्धी धजत नाहीत, त्याला गुण मिळणार कुठून? म्हणून नवख्या कॉर्नरचा पहिला हंगाम चांगला गेला, की त्याला विकण्याची हीच वेळ असते.

सॅकचंही तसंच आहे. जमाल ॲडम्सने 2020 मध्ये सिएटलकडून 12 सामन्यांत 9.5 सॅक केले. डिफेन्सिव्ह बॅकसाठी तो विक्रम होता. पुढच्या वर्षी संघाने त्याला ब्लिट्झवर कमी पाठवलं. सामने पुन्हा 12 आणि सॅक शून्य! खेळाडू तोच होता, त्याचं काम बदललं होतं.

हे कामच आधी तपासायला हवं. सेफ्टी लाइनजवळ उभा राहत असेल, तर धावणाऱ्या खेळाडूंना पाडण्याची संधी त्याला सतत मिळते. खोल मागे राहणाऱ्याला ती कमी मिळते. स्लॉटमधल्या कॉर्नरकडे तर लोक उगाच दुर्लक्ष करतात. बफेलोचा टॅरॉन जॉन्सन चौथ्या फेरीत निवडला गेलेला, पण पाच डिफेन्सिव्ह बॅक मैदानात ठेवण्यावर त्याच्या संघाचा भर असल्याने तो सहसा बाहेर बसत नसे. 2023 मध्ये त्याचे टॅकल शंभराच्या जवळ गेले. ज्या लीगमध्ये कॉर्नरची जागा वेगळी भरावी लागते, तिथे असा खेळाडू हातचा जाऊ देऊ नये.

तेव्हा पुढचा सौदा करण्याआधी आपल्या लीगमध्ये टॅकलला किती गुण आहेत ते पाहा, खेळाडू किती स्नॅप खेळतो आणि कुठे उभा राहतो ते तपासा, आणि डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बदलला असेल तर नव्या हंगामाचे दोन-तीन आठवडे थांबा.