लॅपटॉपमधल्या फायलींतून विंडोजची सीडी

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि पुढची काही वर्षे बहुतेक लॅपटॉप तीच घेऊन विकले गेले. सोबत विंडोजची मूळ सीडी मात्र बऱ्याचदा मिळत नसे. तळाला लायसन्सचा स्टिकर, त्यावर २५ अक्षरांची प्रॉडक्ट की आणि हार्ड डिस्कच्या एका राखीव भागात कंपनीची रिकव्हरी व्यवस्था, एवढ्यावर ग्राहकाची बोळवण होई. विंडोजचे पैसे त्याने लॅपटॉपच्या किमतीतच भरलेले असत, पण ती पुन्हा टाकायचे साधन नेमके त्याच डिस्कवर असे. डिस्क गेली की रिकव्हरीही गेली. म्हणून डिस्क धडधाकट असतानाच सीडी बनवून ठेवणे हा मालकाच्या हातातला सर्वांत स्वस्त विमा होता. आजही एक्सपीवरच चालणारे एखादे यंत्र किंवा जुने सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला ही रीत उपयोगी पडते.

सीडीचा कच्चा माल म्हणजे ‘आय३८६’ नावाचे फोल्डर. हे नाव इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरवरून आले. सी ड्राइव्हवर थेट किंवा विंडोज फोल्डरच्या आत ते सापडते. त्यातल्या पुष्कळ फायलींच्या नावात शेवटचे अक्षर गाळून तिथे अधोरेषा टाकलेली दिसते. नोटपॅडची ‘ईएक्सई’ फाइल तिथे ‘ईएक्स’ आणि पुढे अधोरेषा अशी असते. ही मोडतोड नव्हे. फाइल दाबून लहान केल्याची ती खूण आहे आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी ती आपोआप उलगडते. काही कंपन्या हे फोल्डर अर्धवटच ठेवत, त्यामुळे आधी तीन फायली शोधाव्यात: ‘विननटी३२.ईएक्सई’, ‘सेटपएलडीआर.बिन’ आणि ‘टीएक्सटीसेटप.एसआयएफ’. यांतली एक जरी नसली तर पुढची मेहनत वाया जाते.

फोल्डर पुरे असेल तर ते डिस्कवरच एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करावे. काम याच प्रतीवर करायचे. मूळ फोल्डरला हात लावू नये. आय३८६ च्या शेजारी, म्हणजे सीडीच्या मुळाशी, ‘विन५१’ ही आणि त्या नावाने सुरू होणाऱ्या छोट्या फायली लागतात. प्रोफेशनल आवृत्तीसाठी ‘विन५१आयपी’, होमसाठी ‘विन५१आयसी’ आणि सर्व्हिस पॅक असेल तर त्या नावापुढे ‘.एसपी२’ किंवा ‘.एसपी३’ जोडलेली आणखी एक. आत जवळजवळ काहीच नसते, पण इन्स्टॉलर सीडी ओळखतो ती या नावांवरूनच. त्या नसल्या तर सीडी ड्राइव्हमध्ये असूनही तो ‘विंडोजची सीडी घाला’ असे म्हणत अडून बसतो.

फायली नुसत्या सीडीवर ओतल्या तर त्या सीडीवरून लॅपटॉप सुरू होत नाही. त्यासाठी २०४८ बाइटचा बूट सेक्टर लागतो. तो आय३८६ मधली सेटपएलडीआर ही फाइल शोधून तिच्याकडे सूत्रे देतो. हाताने बर्न करताना ‘नो इम्युलेशन’ हा पर्याय आणि ४ सेक्टर ही संख्या द्यावी लागते. एनलाइट हा मोफत प्रोग्राम बूट करणारी आयएसओ फाइल स्वतःच तयार करतो. ही आयएसओ ‘इमेज’ म्हणूनच बर्न करायची; साधी फाइल म्हणून कॉपी केली तर सीडीवर फक्त एक मोठी फाइल दिसते आणि लॅपटॉप तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

जुन्या आय३८६ मध्ये २००८ चा सर्व्हिस पॅक ३ नसतो. तोही याच टप्प्यावर प्रतीत मिसळून घेता येतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा साटा जोडणीच्या डिस्कसाठी लागणाऱ्या ड्रायव्हरचा. एक्सपीच्या मूळ फायलींत एएचसीआय पद्धतीच्या डिस्कचा ड्रायव्हर नाही. अशी डिस्क असलेल्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर एक तर डिस्कच सापडत नाही म्हणतो, नाहीतर निळ्या पडद्यावर ७बी चा एरर देऊन थांबतो. ड्रायव्हर एनलाइटमधून आधीच घालावा किंवा बायोसमध्ये डिस्क आयडीई मोडवर टाकावी.

प्रॉडक्ट कीचा घोटाळाही इथेच होतो. आय३८६ मधल्या ‘सेटपपी.आयएनआय’ या फाइलमधला क्रमांक ‘ओईएम’ या अक्षरांनी संपत असेल, तर ती सीडी स्टिकरवरची ओईएम, म्हणजे लॅपटॉपसोबत आलेली, की स्वीकारते. दुकानात सुटी विकत घेतलेल्या विंडोजची की ती नाकारते. लायसन्स त्या एका लॅपटॉपशी बांधलेले असते, म्हणून ही सीडी दुसऱ्या मशीनवर चालवणे नियमात बसत नाही. स्टिकरवरची अक्षरे काळाबरोबर पुसट होतात; ती आजच कागदावर उतरवून ठेवावीत.

सीडी तयार झाली की ती तपासावी. संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये आयएसओ चालवून इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत नेले तर खऱ्या डिस्कला धक्का लागत नाही. मग बर्न केलेल्या सीडीवरून लॅपटॉप निदान बूट होतो का, तेही पाहावे.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. नव्या लॅपटॉपवर चित्र वेगळे आहे. विंडोज ८ पासून बहुतेक लॅपटॉपमध्ये की थेट फर्मवेअरमध्ये असते, त्यामुळे त्याच आवृत्तीची विंडोज पुन्हा टाकताना ती सहसा टाइप करावी लागत नाही. सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ हा प्रोग्राम सिस्टीमच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतो. त्यासाठी १६ जीबी किंवा त्याहून मोठा पेन ड्राइव्ह हवा आणि त्यावरचा आधीचा सगळा मजकूर पुसला जातो. सिस्टीम फायलींच्या बॅकअपची चौकट टिक केलेली नसेल, तर त्या ड्राइव्हवरून दुरुस्ती होते, पण विंडोज पुन्हा टाकता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर कोरी विंडोज उतरवते, पण त्यात लॅपटॉप कंपनीचे खास ड्रायव्हर नसतात. निदान वायफायचा ड्रायव्हर तरी आधी वेगळा काढून ठेवावा. आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहिलेली हवी.