जुन्या संगणकाची आगाऊ तजवीज

शहाणा शेतकरी घरातले सगळे बियाणे एकदम जमिनीत टाकीत नाही. पाऊस दगा देईल, दुबार पेरणीची पाळी येईल, म्हणून थोडे राखून ठेवतो. शाळेच्या कचेरीतला किंवा दूध संस्थेतला जुना संगणक वापरताना मात्र आपण हे शहाणपण विसरतो. जनरल रजिस्टर, निकालपत्रके, सभासदांची खाती, सगळे एकाच यंत्राच्या पोटात भरतो. ते यंत्र एके सकाळी सुरूच झाले नाही, तर दाखला मागायला आलेल्या पालकाला काय सांगायचं?

यंत्र दगा का देते, ते आधी पाहू. बहुतेक जुन्या संगणकांत माहिती साठते ती हार्ड डिस्कवर. तिच्यातल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि लिहिणारे-वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. अशी वस्तू कधी ना कधी थकणारच. त्यात लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फाइल बिघडू शकते.

आता दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. संगणक चालवणारी विंडोज ही व्यवस्था म्हणजे घर. तुमच्या नोंदी म्हणजे घरातले सामान. पडलेले घर पुन्हा उभे करण्याचे साधन म्हणजे रिकव्हरी ड्राइव्ह. सामानाची दुसरी प्रत म्हणजे बॅकअप. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. रिकव्हरी ड्राइव्हमध्ये तुमच्या नोंदी नसतात; उलट त्यावरून विंडोज पुन्हा बसवली, तर संगणकावरच्या तुमच्या फायली पुसल्या जातात. म्हणून आधी बॅकअप, मग दुसरे काही.

कोणी म्हणेल, "पूर्ववत करण्याची सोय संगणकातच असते ना?" असते. पुष्कळ कंपन्यांनी सोबत डिस्क देणे सोडून ती सोय हार्ड डिस्कच्याच राखीव भागात ठेवली. पण डिस्कच गेली, तर तो भागही गेला. पेटीची जादा किल्ली पेटीतच ठेवण्यासारखे हे झाले!

तर करायचं काय? विंडोज १० असेल, तर किमान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचे सारे पुसले जाते, म्हणून तो रिकामाच असावा. शोधपट्टीत इंग्रजीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' लिहा, सिस्टिम फायलींच्या चौकटीत खूण करा आणि पुढे चला. वेळ बराच लागतो. मध्ये वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. विंडोज ७ मध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर' या भागात दुरुस्तीची डिस्क व संपूर्ण सिस्टिम इमेज, दोन्ही करून घ्या; नुसती दुरुस्तीची डिस्क पुरत नाही.

नोंदींसाठी तीन-दोन-एक हा नियम ध्यानात ठेवा: एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक पेन ड्राइव्हवर, मुख्याध्यापकांच्या घरी कुलुपात. काम झाले, की बाहेरची डिस्क काढून ठेवा. फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा विषाणू जोडलेल्या डिस्कवरही पोहोचतो.

बियाण्याची उगवण तपासतात, तशी याचीही परीक्षा घ्या. पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करा. त्यासाठी एफ १२, एफ ९ किंवा एस्केप अशी बटणे कंपनीप्रमाणे वेगवेगळी असतात. दुरुस्तीचा पडदा दिसला, की बंद करा, पुढे जाऊ नका. बॅकअपमधल्या चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. पेन ड्राइव्हवरची माहितीही कालांतराने पुसट होते. तेव्हा वर्षातून एकदा रिकव्हरी ड्राइव्ह नवा करावा, आणि बॅकअप दर आठवड्याला.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांची राखण आता मुख्यतः आपल्याकडेच आली आहे. संगणक धडधाकट आहे तोवरच हे काम सहज होते. येत्या सुट्टीच्या दिवशीच ते उरकून घ्या.