तांबड्या शैवालाला पुन्हा रंग कशाला?

तळेगाव दाभाड्याहून कोकणात सहलीला गेलात, तर ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडकांवर तांबड्या शैवालांचे झुपके दिसतील. त्यांचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य पाण्यात विरघळते. म्हणून शैवाल गोड्या पाण्यात मेले, की पाणी गुलाबी होते आणि शैवाल फिके पडते. उरलेल्या पारदर्शक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट ओळखता येत नाहीत. त्यांना बाहेरून रंग द्यावा लागतो. या क्रियेस अभिरंजन म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? ग्रॅसिलेरिया आणि हिप्निया यांच्या बारीक फांद्या वरवर पाहता सारख्या वाटू शकतात. परंतु पहिल्यापासून अगर मिळते, तर दुसऱ्यापासून कॅरॅगिनन. फरक कळतो तो आडव्या छेदात. हिप्नियाच्या मध्यभागी एक अक्षपेशी असते. ग्रॅसिलेरियात तशी वेगळी पेशी दिसत नाही. डॅनिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्योर्गेसेन यांनी १९३१ ते १९३४ या काळात मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील तांबड्या शैवालांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनाही अंतर्रचना पाहावीच लागली.

समुद्रापासून दूर असलेल्या तळेगावच्या शाळेतही हे पाहता येईल. वाळवलेला नमुना पाण्यात भिजवला, की पुन्हा फुगतो. तो गाजराच्या तुकड्यात धरून धारदार पात्याने पातळ छेद घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली १ टक्का ॲनिलिन ब्ल्यूच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब टाकून त्यात छेद काही मिनिटे ठेवा. नंतर पाण्याने धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर मांडा. पेशीद्रव्य निळे दिसेल. पेशीपेशींना जोडणाऱ्या खुंट्याही निळ्या होतात; त्यांच्या आधारे कोणती पेशी कोणत्या पेशीपासून झाली याचा माग काढता येतो.

आता दुसऱ्या छेदावर आयोडीनचे द्रावण टाका. बटाट्याप्रमाणे तो निळाकाळा होईल, अशी तुमची अपेक्षा असेल. पण कण तांबूस-तपकिरी दिसतात! म्हणजे स्टार्च नाही, असे समजू नका. या शैवालांतील ‘फ्लोरिडियन स्टार्च’मध्ये आयोडीनला गडद निळा रंग देणारे अमायलोज बहुधा नसते. छेदासाठी बटाटा न घेता गाजर का घेतले, हेही आता ध्यानात येईल. बटाट्याचे निळे कण छेदाला चिकटून आपली फसगत झाली असती.

केंद्रके पाहावयाची असल्यास हिमॅटॉक्सिलिनसारखे वेगळे रंजक लागते. एकच रंजक सर्व काही दाखवीत नाही. म्हणून काय पाहावयाचे ते आधी ठरवावे, आणि मगच रंगाची बाटली उघडावी.