रेतीचा मालक कोण?

सिव्हिलच्या लॅबमध्ये आपण रेती चाळतो, फाइननेस मॉड्युलस काढतो, जर्नल सबमिट केलं की मोकळे! ती रेती आली कुठून, हे व्हायव्हाला कोणी विचारत नाही. मलाही हा प्रश्न पडला नव्हता. पण माझा रूम पार्टनर अलिबागकडचा. तो म्हणाला, "तुमच्याकडे नदी खणतात, आमच्याकडे किनारा." आणि मग त्याने एका केसबद्दल सांगितलं.

२००४ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावर बेकायदा रेती उपसा रोखायला गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांच्यावर हल्ला झाला. त्या गप्प बसल्या नाहीत. २००६ मध्ये त्यांच्या आवाज फाउंडेशनने मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली आणि सप्टेंबर २०१० मध्ये कोर्टाने राज्यभर रेती उपशावर बंदी घातली. म्हणजे केस किनाऱ्यावरची, पण परिणाम आपल्या वर्धा-पैनगंगेच्या रेतीघाटांवरही!

पण सामान्य माणूस याबद्दल कोर्टात जाऊच कसा शकतो? कारण समुद्र, खाडी, नदी सगळ्यांची आहे. कमलनाथ केसमध्ये (१९९६) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, सरकार अशा संपत्तीचं मालक नसून विश्वस्त आहे. किनाऱ्यावर तर १९९१ च्या सीआरझेड नियमांनीच रेती काढायला मनाई केली होती.

नदीसाठी मात्र एक पळवाट होती. ५ हेक्टरपेक्षा लहान घाटाला पर्यावरण मंजुरी लागत नसे. मग काय, मोठ्या पट्ट्याचे तुकडे पाडा आणि लिलाव करा! २७ फेब्रुवारी २०१२ रोजी 'दीपक कुमार विरुद्ध हरियाणा' या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ती पळवाट बंद केली.

एवढा आटापिटा कशासाठी? किनाऱ्यावरची रेती गेली की लाटा जमीन खातात. नदीचं पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, पुलाचे पाये उघडे पडतात. म्हणजे एका बांधकामासाठी आपण दुसरं बांधकाम कमजोर करतो.

कायदा आहे, तरी चोरी थांबलेली नाही. पण उद्या साइटवर रेतीचा ट्रक आला की सही आपलीच असणार. तेव्हा रॉयल्टीचा पास मागायचा. क्रश सॅंड चालत असेल तर तीच सुचवायची. २०१६ च्या आयएस ३८३ मध्ये तिला जागा आहे. कोर्टात जायला धाडस लागतं, पास मागायला फक्त एक मिनिट. तेवढं तर आपण करूच शकतो ना?