रेहेकुरीचे काळवीट, पेमगिरीचा वड

मुलांना घेऊन जंगल बघायचंय? मग आधी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला या. गावाजवळच रेहेकुरी काळवीट अभयारण्य आहे. 1980 साली जाहीर झालेलं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. इथे उंच झाडं शोधू नका. हा गवताळ माळ आहे, मधूनमधून बाभळी, हिवर आणि कडुनिंब. पण काळवीट असा मोकळा माळच पसंत करतं. शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि पळायला जागा पाहिजे! पीळदार शिंगांचा काळा दिसतो तो नर, बिनशिंगांची बदामी ती मादी. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, मग तीच ओळखून दाखवतात. नशिबात असेल तर चिंकारा किंवा लांडगाही दिसतो.

महावृक्षासाठी मात्र जिल्ह्याच्या वायव्य भागात, संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीला जायला हवं. तिथला वड काही एकरांवर पसरलाय. पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडं झाली, त्यामुळे मूळ खोड कोणतं हे सांगणं अवघड. एका दिवसात दोन्ही कोंबू नका, मुक्काम करा.

रेहेकुरीला सकाळी लवकर पोहोचा, भडक कपडे टाळा, आणि पेमगिरीला कृपा करून पारंब्यांना लटकून झोके घेऊ नका.