मोठा कोच आला, म्हणजे कॉलेजचं नाव झालं?

दिल्ली विद्यापीठातल्या प्रवेशांचे दिवस आले की बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांत एक प्रश्न हमखास फिरतो: कुठल्या कॉलेजात कोच चांगला आहे? पुण्या-नागपुराहून दिल्लीला जाऊ पाहणाऱ्यांनाही तोच प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे. फक्त त्यामागच्या बऱ्याच समजुती अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल पाहून तयार झालेल्या असतात आणि दिल्लीतली व्यवस्था तशी चालत नाही.

गैरसमज १: दिल्लीतलं कॉलेज अमेरिकेसारखाच आपला बास्केटबॉल कोच नेमतं.

वस्तुस्थिती: अमेरिकी विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकाची नेमणूक ही मोठी बातमी असते. सहायक कोण, शिष्यवृत्ती कोणाला, खेळायचं कसं, हे सगळं तोच ठरवतो. आपल्याकडे कॉलेजातलं खेळाचं कायम पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. २०१८च्या यूजीसी नियमांत या पदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण, स्पर्धांत भाग घेतल्याची नोंद आणि शारीरिक क्षमता चाचणी अशा अटी आहेत. तिशीपर्यंतच्या पुरुषाने बारा मिनिटांत १,८०० मीटर आणि स्त्रीने आठ मिनिटांत १,००० मीटर अंतर कापायचं. बास्केटबॉलचं विशेष ज्ञान मात्र कुठल्याही अटीत नाही, कारण या एकाच व्यक्तीला अॅथलेटिक्सपासून बुद्धिबळापर्यंत सगळं सांभाळायचं असतं. फक्त बास्केटबॉल शिकवणारा कोच मिळालाच, तर तो बहुधा मानधनावर आणि ठरावीक मुदतीपुरता असतो.

गैरसमज २: कोच वजनदार असला की हवे ते खेळाडू घेऊन येतो.

वस्तुस्थिती: दिल्ली विद्यापीठात खेळ आणि अन्य कला-उपक्रम मिळून जास्तीत जास्त ५ टक्के अतिरिक्त जागा असतात. सीयूईटीला २५ टक्के आणि खेळातल्या कामगिरीला ७५ टक्के वजन मिळतं. ट्रायल्स विद्यापीठ घेतं. गुण आणि विद्यार्थ्याने दिलेला पसंतीक्रम पाहून कॉलेज ठरतं. घरोघरी जाऊन खेळाडू गळाला लावणं हे अमेरिकी कोचचं निम्मं काम. इथे त्याला वावच नाही. इथल्या कोचचा प्रभाव दिसतो तो पसंतीक्रमात. सिनियर मुली ज्युनियरना सांगतात, ‘तिथे रोज सराव होतो’, आणि त्या कॉलेजचं नाव यादीत वर चढतं. म्हणजे संघ बांधायचा तर कोचला आधी आताच्या खेळाडूंचा विश्वास कमवावा लागतो.

गैरसमज ३: मोठा खेळाडू हाच मोठा कोच.

वस्तुस्थिती: १८९१ साली हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. पॅट्रिक युइंगने खेळाडू म्हणून १९८४ साली जॉर्जटाउनला विजेतेपद मिळवून दिलं होतं. २०१७ साली तो तिथेच कोच म्हणून परतला आणि ७५ विजय, १०९ पराभवांनंतर २०२३ मध्ये त्याला जावं लागलं. खेळणं आणि शिकवणं ही वेगळी कौशल्यं आहेत. वाराणसीच्या बास्केटबॉलपटू सिंग भगिनींपैकी दिव्या सिंग भारताची कर्णधार होती, तरी तिने अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकताना तिथल्या महिला संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून काम केलं. २०११ साली तिच्याकडे भारताच्या १६ वर्षांखालील मुलांच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकपदाची जबाबदारी आली ती त्यानंतर.

गैरसमज ४: परदेशी कोच आणला की चित्र पालटतं.

वस्तुस्थिती: या समजुतीला आधार आहे, पण अर्धाच. जुलै २०१४ मध्ये वुहानला भारताने चीनला ६५-५८ असं पहिल्यांदा हरवलं, तेव्हा प्रशिक्षक होते अमेरिकेचे स्कॉट फ्लेमिंग. दोन वर्षांनी तेहरानमध्ये भारताने पुन्हा चीनला हरवलं. तेव्हा सूत्रं सत प्रकाश यादव यांच्याकडे होती. २०१७ साली ग्रेटर नोएडात एनबीए अकादमी सुरू झाली आणि तिची धुरा फ्लेमिंग यांच्याकडे गेली. तिथे बदल झाला तो केवळ एका माणसामुळे नव्हे. निवास, शाळा, आहार, व्यायाम आणि रोजचा सराव हे सगळं एका आवारात आलं. तिथून पुढे गेलेल्या प्रिन्सपाल सिंगने २०२० मध्ये अमेरिकेतल्या जी लीगशी करार केला. पण त्याचे पहिले धडे झाले होते लुधियानाच्या अकादमीत. २०१५ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर निवडला गेलेला सतनाम सिंगही त्याच अकादमीतला, तिथले प्रशिक्षक सुब्रमण्यम यांच्या हाताखालचा. पाया घालणाऱ्या कोचचं नाव बातमीत क्वचितच येतं.

गैरसमज ५: नेमणूक योग्य असेल तर दोन हंगामांत निकाल दिसतो.

वस्तुस्थिती: जॉन वूडन १९४८ साली यूसीएलएत आले, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ साली, सोळाव्या हंगामात. माइक शशेव्हस्की यांच्या ड्यूकमधल्या पहिल्या तीन हंगामांत ३८ विजय आणि ४७ पराभव होते. तेव्हाच त्यांना काढलं असतं, तर १९९१पासूनची पाच विजेतेपदं ड्यूकला मिळालीच नसती. आपल्या मुंबईत नागपाड्याला बच्चू खान यांनी वर्षानुवर्षं घडवलेल्या खेळाडूंतून अब्बास मुन्तसिरसारखा अर्जुन पुरस्कारविजेता निघाला. तिथल्या महापालिकेच्या मैदानाला आज बच्चू खान यांचंच नाव आहे.

दिल्लीच्या कॉलेजांपुढची खरी अडचण इथेच आहे. खेळाडू तीन-चार वर्षांत पदवी घेऊन जातात, म्हणजे तेवढ्या काळात संघ पूर्ण बदलतो. बचाव कसा करायचा, दुखापतीनंतर कोर्टवर कधी उतरायचं, परीक्षेच्या महिन्यात सराव कसा टिकवायचा, हे सगळं पुढच्या तुकडीपर्यंत पोचवणारा एकच माणूस असतो: कोच. त्याचाही करार वर्षा-वर्षाने बदलत असेल, तर प्रत्येक तुकडी शून्यापासून सुरू करते. अशा कॉलेजला एखादा चषक मिळतो, पण नाव टिकत नाही.

गैरसमज ६: जिंकून देणाऱ्या कोचमुळे नाव वाढतंच.

वस्तुस्थिती: लुईव्हिल विद्यापीठाने २०१३ साली विजेतेपद मिळवलं, पण बास्केटबॉल विभागातल्या एका कर्मचाऱ्याने खेळाडू ओढण्यासाठी केलेल्या गैरप्रकारांमुळे २०१८ मध्ये ते रद्द झालं. दरम्यान, भरतीतल्या लाचखोरीच्या दुसऱ्या प्रकरणात नाव आल्याने २०१७ मध्ये त्यांचे नामांकित प्रशिक्षक रिक पिटिनो यांनाही पद गमवावं लागलं. संघाभोवती कोण माणसं ठेवली, याचा हिशेब चषकानंतरही चालू राहतो.

तेव्हा पसंतीक्रम भरताना कोचचं नाव विचाराच, पण पुढचे प्रश्नही विचारा. तो किती वर्षांपासून आहे? कायम आहे की मानधनावर? सराव रोज होतो की फक्त स्पर्धेआधी? पहिल्या वर्षी संघात आलेल्यांपैकी किती जण शेवटच्या वर्षापर्यंत खेळतात? ही उत्तरं माहितीपुस्तिकेत सापडायची नाहीत. त्या कॉलेजच्या कोर्टवर संध्याकाळी जा आणि शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना विचारा. चौघांची उत्तरं जुळली, तर त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.