चवदार तळ्याचा दावा आणि राजकीय नाटकाची संहिता

'राजकीय नाटक' ही संज्ञा मराठी समीक्षेत बहुधा आशयापुरतीच वापरली जाते. खाडिलकरांचे 'कीचकवध' (१९०७), त्यावरील १९१० ची बंदी आणि १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा हा तिचा ठरलेला आरंभबिंदू. ज्या इंग्लंडने हा कायदा येथे आणला, तेथील नाटकेही १९६८ पर्यंत लॉर्ड चेंबरलेनच्या पूर्वपरीक्षणातून जात होती, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. त्यानंतरच्या ब्रिटिश रंगभूमीवर राजकारणाच्या मांडणीची जी अनेक रूपे दिसतात, त्यांतील एक मराठीच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे : चौकशीच्या कागदपत्रांतूनच संहिता सिद्ध करणे. रिचर्ड नॉर्टन-टेलर यांचे 'द कलर ऑफ जस्टिस' (१९९९) हे लंडनच्या ट्रायसिकल थिएटरमधील नाटक स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधील खुनाच्या तपासाविषयी झालेल्या जाहीर चौकशीतील साक्षींवर उभे आहे. लेखकाचे कर्तृत्व येथे निवडीत आणि क्रमात दिसते.

अशा संहितेची सामग्री महाडला विपुल आहे. सावित्री नदी पोलादपूरकडून महाडकडे वाहत येते. तिच्या खोऱ्यातील या गावात प्रश्न पाण्याच्या दुर्भिक्षाचा नव्हता, अधिकाराचा होता. बोले ठरावाला (१९२३) अनुसरून नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह प्रतिनिधींनी तेथील पाणी घेतले. त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळे खाजगी असल्याचा दावा दाखल होऊन मनाईहुकूम मिळाला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याभोवती मात्र केवळ मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी हात लावला नाही. कोणत्याही नाटककाराला हेवा वाटावा असा हा प्रवेश आहे.

तरीही दप्तराची मर्यादा उघड आहे. दाव्यात वहिवाट बोलते, मालकी बोलते. मार खाल्लेला माणूस बोलत नाही. तो आवाज भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी दिला. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या गण-गौळणीत जो बदल घडविला होता, तो त्यांनी आणखी पुढे नेला. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' (१९७७) या एकांकिकेत तीच तहान नव्या रंगभाषेत येते. तिला केवळ 'प्रचार' ठरविणारी समीक्षा तिच्या रंगरूपाकडे पाहण्याचे कष्ट घेत नाही. येथे पुरावा हा तहानलेल्या देहाचा आहे, आणि तो कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

म्हणूनच महाडवरील दस्तऐवजी नाटकाला या दोन्ही परंपरा एकत्र आणाव्या लागतील : साक्षीचा शब्द आणि शाहिराचा शब्द. दावा कनिष्ठ न्यायालयात १९३१ मध्ये आणि ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये फेटाळला गेला. पुरातन वहिवाट सिद्ध होत नाही, असा उच्च न्यायालयाचा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी आला. त्या खंडपीठावरील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारेच न्यायाधीश होत. ओंजळभर पाण्यापासून या निकालापर्यंत दहा वर्षे गेली होती.